काटे वर का जातात

३ नोव्हेंबर
टेंपरेचरचा काटा पुन्हा लालवर. पुलाच्या मधोमध, दिवेलागणीला! गाडी कडेला घेतली. मागचे हॉर्न वाजवत, माझ्याकडे बघत पुढे गेले. हे शेजारच्या सीटवर, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, नजर काट्यावर. बॉनेटचा खटका सापडेपर्यंत माझा जीव अर्धा झाला. आत वाफ नाही, वास नाही. पाण्याची नळी हाताला कोमट. मग काटा लाल कसा?

ह्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे उशीर झालाच. त्या म्हणाल्या, "खंड पडला की सगळं मागे जातं हो." मला काय कळत नाही?

५ नोव्हेंबर
मेस्त्री म्हणाला, "वहिनी, इंजिन संपलंय. विकून टाका." इंजिन गरम होत नाहीये, नळी हात लावून बघितलीय, असं सांगितलं तर हसला.

हे धडधाकट असताना गाडीला मेस्त्रीचा हात लागू द्यायचे नाहीत. स्वतः उघडून बसायचे. मला तर चालवायलाही मिळायची नाही. "तुझ्या हातात स्टिअरिंग म्हणजे माकडाच्या हातात कोलीत." आता रोज तेच कोलीत घेऊन निघते. ह्यांना उचलून बसवायचं म्हटलं की टॅक्सीवाले तोंड फिरवतात. गाडी बंद तर शिकवणी बंद. शिकवणी बंद तर हे जन्मभर असेच, मुके.

६ नोव्हेंबर
नवा सेन्सर बसवला. संध्याकाळी काटा पुन्हा लाल.

८ नोव्हेंबर
सकाळी दाट धुकं. दिवे लावले आणि टेंपरेचरचा काटा सरकन वर — पेट्रोलचासुद्धा! टाकी अर्धी, काटा म्हणतो भरलेली. दिवे बंद केले, दोन्ही खाली. लावले, दोन्ही वर. भूत शिरल्यासारखं.

ह्यांनी डाव्या हाताने डॅशबोर्डवर थाप मारली. तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम आला, आणि दोन शब्द बाहेर पडले. अर्धांगाचा झटका आल्यापासूनचे पहिले.

"अर्थ... नाही."

मी म्हटलं, "असं बोलू नका हो." ते मान हलवत राहिले, थापा मारत राहिले. पुन्हा तेच, "अर्थ नाही." गाडी थांबवून रडले. ह्या तोंडून शब्द यावा म्हणून काय काय केलं, आणि आला तो हा.

१० नोव्हेंबर
लेकीचा फोन. आजारी माणसांना ठेवून घेतात ते केंद्र तिने केव्हाच बघून ठेवलंय. "आई, बाबाच म्हणतात ना, अर्थ नाही? मग तू एकटी किती मरणार?"

हो म्हटलं. वळले तर दारात ह्यांची चाकाची खुर्ची. सगळं ऐकलं असणार. ज्याला जगण्यात अर्थ वाटत नाही, त्याला फरफटत नेणारी मी कोण?

१३ नोव्हेंबर
गीझर शॉक देत होता म्हणून वायरमनला बोलावलं. टेस्टर लावून तो म्हणाला, "काकू, याला अर्थच नाही."

"कशाला?"

"प्लगला. अर्थची वायर तुटलीय."

ह्यांचेच शब्द! मग त्याचा दंड धरून गाडीपाशी नेलं. तो म्हणत होता, "मी घरातलं वायरिंग करतो काकू, गाडीतलं नाही." तरी डॅशबोर्डखाली उताणा शिरला. अर्थची काळी वायर, तिचा स्क्रू गंजून ढिला झालेला. म्हणाला, "दिव्यांच्या करंटला परत जायला वाट नाही मिळाली की तो काट्यांमधून वाट काढतो." गंज घासला, स्क्रू आवळला.

दिवे लावले. काटे जागचे हलले नाहीत!

वर पाहिलं तर हे खिडकीशी, अर्ध्या तोंडाने हसत. मला हसू आलं नाही. हा माणूस मला गाडीचं दुखणं सांगत होता आणि मी त्याची घरातून पाठवणी ठरवून बसले होते.

लेकीला कळवलं — केंद्र नको.

१७ नोव्हेंबर
ह्यांना सीटवरून उचलताना कमरेत अशी उसण भरली की दोघंही फाटकाशी कोसळलो. शेजाऱ्यांनी उचललं. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, बादलीसुद्धा नाही. गाडी ठणठणीत झाली, आणि मी आडवी. आता कोण नेणार?

हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून.

१८ नोव्हेंबर
लेक आली. ह्यांनी तिचं मनगट धरलं. "केंद्र," म्हणाले. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग, "मी."

या वेळी मी परत परत विचारलं. तुम्हाला तिथे जायचंय? मान हलली. माझ्यावर रागावून? नाही. जगण्याला कंटाळून? डोळे वटारले. मग माझ्या कमरेकडे बोट केलं. "बरी... हो."

मी नाही म्हणत राहिले. कोणी ऐकलं नाही.

२१ नोव्हेंबर
लेकीने गाडी चालवली, मी मागे पडून. केंद्राच्या दारात परिचारकाने ह्यांची खुर्ची आत वळवली. ह्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. ओठ जुळवत राहिले. मी मनाची तयारी केली. जातो म्हणणार.

"येतो," म्हणाले.