लेखक क्रमांक एक

३ मार्च
आज रुजू झालो. थेरगावात, डांगे चौकापासून चालत सात मिनिटं (घड्याळ लावून), दुसऱ्या मजल्यावर जखमी कामगारांचं मदत केंद्र. खिडकी पूर्वेला, खुर्ची बरी, चहा उत्तम. केंद्र चालवणाऱ्या सुमनताईंनी प्रमाणपत्र मागितलं. मी सांगितलं, वीस वर्षं टूलरूममध्ये काढली, संगणक स्वतःच शिकलो, मी कोणाचा विद्यार्थी नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे चुकलात तर ओरडायला मास्तरही नाही! बाई तिखट आहे. आवडली.

४ मार्च
काम असं. चाकण पट्ट्यातल्या चार कामगारांचे चार ब्लॉग. ते जिथे ठेवलेत तो जुना होस्ट पंधरा तारखेला बंद होतोय. त्याआधी चारही एका डेटाबेसमध्ये आणून नव्या सर्व्हरवर न्यायचे. इम्तियाजची डाव्या हाताची तर्जनी प्रेसमध्ये गेली, कस्तुराबाईंची त्याच हाताची मधली दोन बोटं, गणराजचा उजवा अंगठा. चौथा ब्लॉग चिमाजींचा, म्हणजे सुमनताईंच्या यजमानांचा. ते गेलेच, फोर्जिंगच्या अवजड साच्याखाली छाती सापडली. त्यांच्या ब्लॉगवरची शेवटची नोंद ताईंनी लिहिली आहे.
चौघांचंही शुद्धलेखन भयानक. सुधारायला घेतलं.

६ मार्च
पेच सापडला. प्रत्येक ब्लॉगमध्ये त्याचा मालक म्हणजे लेखक क्रमांक एक. चौघेही एक! एकत्र आणताना प्रत्येकाला नवा क्रमांक द्यायचा आणि त्याच्या नोंदी त्याच्याकडे वळवायच्या, ही रीत. ताईंचाही आग्रह, ज्याचं त्याच्या नावावर राहू द्या. पण नव्या डेटाबेसमध्ये क्रमांक एक मी आहे. तिघांच्या नोंदींतला एकेक ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारलाय, मोडकी वाक्यं मी उभी केलीत. एवढं केल्यावर ते लेखन कोणाचं? घेतलं माझ्या नावावर. तिन्ही ब्लॉग रांगेत लावले, उद्यापासून दर संध्याकाळी एक. चिमाजींचा अजून तपासायचाय.

८ मार्च
सकाळी शर्टाची बटणं लावताना लक्षात आलं. डाव्या हाताची तर्जनी नाही. रक्त नाही, दुखत नाही; वाळलेलं, गुळगुळीत टोक. डॉक्टर म्हणाले, ही जखम किमान आठ वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, बोट काल होतं. त्यांनी माझं बीपी तपासलं.
दुपारी इम्तियाज पेढे घेऊन आला. त्याची तर्जनी आलीय, नखासकट. सगळ्यांच्या नाकापुढे नाचवत होता. म्हणाला, राव, आमची लेक रोशनबी सकाळपासून बोट धरून बसली होती, सोडेचना! मी हात खिशात ठेवला.

९ मार्च
मधली दोन गेली.
कस्तुराबाई आल्या, कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हातांनी वेणी घालून. रडत होत्या, हसत होत्या. मग माझा हात दिसला आणि त्यांनी स्वतःचा पदराआड घेतला. सुमनताईंनी माझा हात पाहिला, मग पडद्यावर लेखकाचं नाव वाचलं. बराच वेळ. मग शांतपणे विचारलं, आमच्या ह्यांचा ब्लॉग कधी घेताय?

१० मार्च
तिसरा ब्लॉग थांबवायला धावलो. काल संध्याकाळीच जाऊन पोचला होता. उजवा अंगठा—
पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरून लिहितोय. हे माझं अक्षर. माझं!

११ मार्च
गणराजच्या नोंदी त्याच्या नावावर परत केल्या. पोरगा तरुण आहे, त्याला सवय आहे.
दहा मिनिटांत माझा अंगठा आला.
अकराला त्याचा ताईंना फोन. काल अंगठा आला म्हणून आज हौसेनं पुन्हा प्रेसवर उभा राहिला होता. या वेळी वाळलेलं टोक नव्हतं. शिफ्ट चालू होती. ओरडणं टेबलापलीकडे मला ऐकू येत होतं. मी अंगठ्यानं पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.
उरलेल्या दोघांचं उद्या.

१२ मार्च
पासवर्ड चालत नाही. खातं केंद्राच्या नावावर. ताईंनी होस्टवाल्यांना सांगून बदलून घेतला.
चिमाजींचा ब्लॉग त्यांनी स्वतःच रांगेत लावलाय. लेखक क्रमांक एक.
पाया पडलो. म्हटलं, निदान नाव तरी चिमाजींचं लावा. ताई म्हणाल्या, अहो सोपानराव, त्यांचं शुद्धलेखन फार वाईट, लोक हसतील. तुमचंच नाव शोभेल.
गणराज दाराला पाठ लावून उभा. हाताला पट्टी. माझ्या अंगठ्याकडे बघतोय—

दुपार
ताईंनी दाबलं बटण. दोनशे बारा नोंदी. आकडा चढतोय.
चाळीस. पळून काय करू, डेटाबेस का माझ्या खिशात—
एकशे दहा. ताई बंद पडलेल्या दुसऱ्या पडद्याच्या काळ्या काचेत बघून कुंकू लावतायत. बोट जराही हलत नाही.
एकशे नव्वद. छातीची नोंद शेवटची. दोनशे बारावी.
दोनशे सहा. जिन्यात चपला. पुरुषाच्या. सावकाश—
दोनशे नऊ. बाहेरून कोणी म्हणतंय, सुमे, दार का लावलंय गं—
ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गणराजला म्हणाल्या, उघड—
दोनशे अकरा. बरगडी—
श्वा