दोनदा थोपटलं की थांबायचं

प्रिय आई,

जयभीम.

पंचेचाळीस वर्षं एका छताखाली राहिलो आपण दोघी, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, डावा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. घाबरू नकोस, पडले नाही. खांदा दुखावलाय, आणि तो माझ्याच चुकीने. पण आज सकाळी जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

आधी खांद्याचं ऐक. हसशील. तुझी बेबी कुस्ती शिकतेय, आई! ब्राझिलियन जिऊ-जित्सू म्हणतात तिला. चौबे कॉलोनीत एका दुकानाच्या वर हॉल आहे, तिथे गाद्या अंथरलेल्या असतात. जाड पांढरा सदरा-पायजमा, कमरेला पांढरा पट्टा, आणि एकमेकींना खाली दाबून हातापायांचे पेच टाकायचे. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. तू पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "काहून वं बेबी, या वयात हातपाय मोडून घ्याचे हायेत का तुले?" घे, मोडूनच बसलेय.

मला तिथे नेलं प्रज्ञाने. दादाची ही पोरगी तू गेल्यावर बिलासपूरहून कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. मी ऑफिसातून येऊन तुझ्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसायची, ते तिला बघवेना. "आत्या, एक दिन चलो तो सही," म्हणत तिने मला ओढतच नेलं.

पहिल्या दिवशी तिथल्या शिकवणाऱ्या दीदी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "बाकी सब बाद में। पहले ये सीखो। दर्द हो, उससे पहले दो बार थपथपाना। सामनेवाली उसी पल छोड़ देगी। कोई सवाल नहीं।"

मी उठले, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. बाहेर सगळ्यांना वाटलं, बाई घाबरली. त्यांना काय माहीत, हा नियम आपल्या घरातला होता!

तुला लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दर दोन तासांनी तुझी कूस बदलायला हवी होती, नाहीतर पाठीला जखमा झाल्या असत्या. पहिल्याच आठवड्यात मी तुला म्हटलं होतं, "आई, दुखलं ना, तर डाव्या हातानं दोनदा थोपटजो. मी थांबीन." तू लगेच माझ्या मनगटावर दोनदा थोपटून दाखवलंस आणि अर्ध्या तोंडाने हसलीस. त्यानंतर आपलं किती छान जमलं होतं! चादरीला सुरकुती पडली, थोपट. चहा गरम आहे, थोपट. वंदनेची कॅसेट संपली, थोपट.

मग ती सकाळ आली. ऑफिसात तपासणी होती, ऑटोवाला दारात हॉर्न वाजवत होता. मी तुला उजव्या कुशीवर वळवलं आणि तुझा लुळा खांदा खाली दबला. तू माझ्या मनगटावर दोनदा थोपटलंस. मी काय म्हटलं? "झालंच वो आई, एक मिनिट." पाठीमागे उशी खुपसली आणि निघाले. दिवसा येणारी बाई बघेल, असं मनाशी म्हणाले.

संध्याकाळी खांदा सुजला होता. मी दादाला सांगितलं, "मला कळलंच नाही." तुझ्याशी खोटं कसं बोलू? कळलं होतं, आई. चांगलं कळलं होतं.

त्या दिवसानंतर तू एकदाही थोपटलं नाहीस. चार महिने! मी वळवताना सारखी तुझ्या डाव्या हाताकडे बघायची. तो चादरीवर नुसता पडलेला. "दुखतं का वो?" विचारलं की तू मान हलवून नाही म्हणायचीस. एकदा चहा इतका गरम होता की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळलास. काहून, आई? राग होता तुझा? की पोरीला ऑफिसला उशीर होईल, असं वाटायचं? की सांगून काही होत नाही, असं ठरवूनच टाकलं होतंस? एक रागाचा कटाक्ष तरी टाकायचा होतास, हात तरी झटकायचा होतास. तू तर सरळ निघून गेलीस.

तरीही मी त्या हॉलमध्ये जात राहिले, याचं मलाच नवल वाटतं. तुझ्यानंतर मला कोणी जवळ घेतलं नव्हतं, ते तिथे कळलं. पोरी अंगावर भार टाकायच्या आणि मला बरं वाटायचं. समोरचीला वळवताना माझा हात आपोआप तिच्या डोक्याखाली जातो. त्यावर सगळ्या हसतात. "आत्या, पटकना है, सुलाना नहीं है!" सहा महिन्यांत जिंकले एकदाही नाही, पण समोरचीने थोपटायच्या आधीच सोडून देते, म्हणून दीदींची बोलणी खाते.

स्वतः थोपटणं मात्र मला जमत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी प्रज्ञाने माझ्या डाव्या खांद्याचा पेच धरला. कळ वर चढत गेली. उजवा हात मोकळा होता, गादीवर दोनदा आपटायचा, एवढंच काम. पण मला तुझा खांदा आठवला. म्हटलं, होऊ दे. तुझा सुजला, माझाही सुजू दे. मग आत काहीतरी कट्कन वाजलं.

प्रज्ञा ओरडत बाजूला झाली. दीदींनी बर्फ लावला आणि स्पष्ट सांगितलं, "थपथपाना नहीं आता तो मैट पर मत आना." मला वाटलं होतं, थोडं हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही गं, नुसतं दुखलं.

तेव्हापासून प्रज्ञाचा चेहरा उतरलाय. सकाळी माझी वेणी घालते, पोळी लाटते, आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. दादाचा फोन आला तेव्हा तिला म्हणताना ऐकलं, "मुझे पता ही नहीं चला, पापा." तिचं खरं होतं. तेच शब्द मी म्हटले होते, ते खोटे होते.

आज सकाळी ती माझा हात कुर्त्याच्या बाहीत घालत होती. खांद्यात चमक भरली. तिने विचारलं, "दुख रहा है?" मी म्हटलं, "नाही." ती बाही तशीच धरून पलंगावर बसली, तुझ्याच पलंगावर, आणि रडायला लागली. "आप झूठ बोलोगे तो मेरे हाथ को कैसे पता चलेगा, आत्या? मैं कोई दुश्मन हूँ क्या?"

आई, हेच तर मी तुला चार महिने विचारत होते!

मी तिला काही समजावलं नाही. मला ते बोलून जमलं नसतं. म्हटलं, "घाल बाही." तिने हळूच हात उचलला. कळ आली तशी मी तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं. ती थांबली. त्याच क्षणी. बाही अर्धी वर. ऑफिसची वेळ होत आली होती, तिचंही कॉलेज होतं, पण ती जागची हलली नाही. मीच म्हणेपर्यंत तशीच थांबली.

एवढंच करायचं होतं गं मला. एवढंसंच होतं ते.

तू का थोपटणं सोडलंस, ते आता कधीच कळणार नाही. मी माझी चूक तुझ्या न थोपटण्यावर ढकलत होते, ते मात्र आजपासून बंद. खांदा बरा झाला की मी परत त्या हॉलमध्ये जाणार आहे. दुखायच्या आधी थोपटीन, माझ्या हातांवर आहे तसलं ओझं प्रज्ञाच्या हातांना देणार नाही. आणि माझ्या अंगावर कोणाचाही हात दोनदा पडला, तर "झालंच, एक मिनिट" हे शब्द या तोंडातून निघणार नाहीत.

त्या सकाळी तू तुझं काम केलं होतंस, आई. दोनदा थोपटलं होतंस. थांबायचं माझ्याकडे होतं.

तुझी,
बेबी
पुरानी बस्ती, रायपूर