रजेचं कारण

अण्णा,

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तुम्ही हेड कॉन्स्टेबल होता. तीन आठवडे सलग बंदोबस्त लागला, साप्ताहिक सुट्टी दर वेळी रद्द झाली.
२. चार दिवसांच्या रजेचा अर्ज तुम्ही मला लिहायला सांगितलात.
३. मी त्यात खरं कारण लिहिलं.
४. रजा नामंजूर झाली.
५. तुम्ही पुन्हा अर्ज केला नाहीत. आठ महिन्यांनी ड्यूटीवर असतानाच वारलात.

यातलं तिसरं माझं आहे.

राजाजीनगरच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, बूटही काढलेले नाहीत. आई पोळ्या लाटते आहे. "स्वल्प ताप आहे म्हणून लिही की गं. तापाला कोण काय विचारत नाही." मी म्हणते, "पण ताप नाहीये. झोप येत नाही, छाती धडधडते, हात थरथरतात." "ते लिहिलं तर हसतील." मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. बिघाड नीट नोंदवला की दुरुस्ती होते, एवढं शिकले होते. तिन्ही गोष्टी स्वच्छ कन्नडमध्ये लिहिल्या. मुलीवर विश्वास म्हणून तुम्ही न वाचताच सही केलीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो अर्ज हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. घरी येऊन तुम्हीच नक्कल करून दाखवलीत. "झोप येत नाही? मग रात्रपाळीला याच्यासारखा माणूस कुठे मिळणार?" आई हसली, मीही हसले. तुमच्या चहावर साय धरली होती. रात्रपाळी खरंच लागली. तुम्ही मला बोल लावला नाहीत. एवढंच म्हणालात, "अक्षर चांगलं आहे म्हणाले."

आता मी इलेक्ट्रॉनिक सिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्याकडे पोलिसांच्या ड्यूटी आणि रजा लावायचं सॉफ्टवेअर बनतंय. रजेचा फॉर्म माझ्याकडे आहे. त्यात 'कारण' हा रकाना सक्तीचा ठेवायचा की नाही, हे मी ठरवायचं आहे. बैठकीत एक अधिकारी म्हणाले, "कारण नाही विचारलं तर सगळेच रजेवर जातील." मी तो रकाना तीनदा सक्तीचा केला आणि तीनदा काढला.

गेल्या महिन्यात मला नऊ दिवस झोप नव्हती. दोन दिवस रजा घेतली. कारणात 'ताप' लिहिलं. कोणी काही विचारलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. फॉर्म शुक्रवारी सकाळी पुढे जाईल. रकाना ठेवू की काढू, ते गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा.