हँडलवरची शिंगं

२७ जून, मंगळवार

आली! एकदाची आली! शाळेच्या स्वयंपाकघरातून दमून घरी येते, तो दारात खोकं. बूटसुद्धा काढले नाहीत, तिथेच पायरीवर बसून फाडलं. दोन काळे दांडे, टोकाला जरा वर वळलेले, आणि कोपरं टेकवायला दोन छोट्या गाद्या. सायकलच्या हँडलला आवळायचे, दोन्ही हात पुढे करून त्यांच्यावर ओणवं व्हायचं आणि सुटायचं!

ह्यू म्हणाला, "ह्यासाठी तीन आठवडे खिडकीत उभी होतीस? बैलासारखी दिसेल की सायकल." दिसू दे! नवऱ्याला काय कळतंय त्यातलं. आईबाप दोघंही शर्यतीचे सायकलवाले, आणि हा रविवारी कालव्यावर गळ टाकून बसतो.

२८ जून

सायकल डेस्मंडकडे नेली. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, आता निवृत्त झाल्यावर क्लबच्या सायकली बघतो. दांडे हातात घेऊन उलटसुलट केले, हुंकार दिला, कामाला लागला. मी विचारलं, "खरं सांग, फरक पडतो का?"

"लॉर्ना, शर्यतीत तू भांडतेस कुणाशी? चढाशी? लिंकनशरमध्ये चढ दाखव मला एक! वाऱ्याशी भांडतेस. आणि वाऱ्याला सायकल कुठे दिसते, तू दिसतेस. हात फाकवून, छाती काढून बसलीस की दार सताड उघडं. हात जवळ घे, डोकं खाली घाल, झालं दार बंद."

वर म्हणाला, हाताची बोटं बधिर होतात तीही वाचतील, वजन कोपरांवर जातं.

"आणि ब्रेक?"

"ब्रेक तिथे नाहीत. म्हणून तर समोर बघायचं, बाई!"

दहा मैलांत किती वाचतील? "अर्धं मिनिट. झोपून चालवायला शिकलीस तर."

अर्धं मिनिट! मला बावीस सेकंद हवेत. फक्त बावीस! गावच्या हॉलमधला तो लाकडी फलक नऊ वर्षं बघतेय: महिला, दहा मैल, एनिड स्क्रिमशॉ, १९७९, २६ मिनिटं ४१ सेकंद. एनिड म्हणजे माझ्या सासूबाई. माझी सगळ्यात चांगली वेळ गेल्या सप्टेंबरची, २७ मिनिटं २ सेकंद, साध्या हँडलवर. क्लबच्या इतिहासात दुसरी. जेवणाच्या टेबलावरही दुसरीच.

आणि ह्याच वर्षी व्हायला हवं. आमच्या शर्यतीच्या रस्त्यावर ज्या गोल चौकातून वळून परत येतो, तिथे सप्टेंबरात सिग्नल बसणार. लाल दिव्याला थांबून कुणी शर्यत करतं का? २९ ऑगस्टची शेवटची. त्यानंतर फलकावर जे असेल ते कायमचं.

२ जुलै, रविवार

क्लबची रविवारची फेरी. मी मिरवत गेले. एनिडनी (सत्तरी गाठली तरी येतात, पहिल्या चहापर्यंत) चष्मा पुढे ओढून बघितलं. "हे काय डोक्यावर उगवून आणलंस?"

सगळे फिदीफिदी हसले. मग मला सगळ्यात मागे धाडलं! घोळक्यात ह्या दांड्यांवर झोपून चालत नाही, ब्रेक लांब राहतो, एक धडपडला की दहा जण रस्त्यावर. "मंगळवारी एकटी असतेस तेव्हा काय ते झोप," म्हणाल्या. आणि चहाच्या वेळी, माझ्याकडे न बघता, "मी सव्वीस एक्केचाळीस काढले तेव्हा माझ्या हँडलला घंटीसुद्धा नव्हती. रेकॉर्ड झालं तरी ते तुझं नसेल हो. त्या शिंगांचं असेल."

इतका राग आला की केक तसाच ठेवला. तोही लिंबाचा!

४ जुलै, मंगळवार

मंगळवारची दहा मैलांची शर्यत, आणि मी थेट रस्त्याकडेच्या खाजकुयलीत गेले. चौकातून वळून परत झोपले आणि हँडल असं काही डुगडुगलं की बस्स. उठले, पूर्ण केलं. २८:१०. हॉलमध्ये पाठीवरचा नंबर परत दिला, 'परत आले'च्या रकान्यात सही केली, तीही खाजवत. एनिडनी न हसता मलम दिलं. डोळे हसत होते पण!

९ जुलै

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपरं टेकवून, मान वर करून पेपर वाचते, रोज वीस मिनिटं. मानेला सवय व्हावी म्हणून. ह्यू येऊन जातो, डोकं हलवतो.

११ जुलै, मंगळवार

२७:३१! सुटतेय, सुटतेय!

१८ जुलै, मंगळवार

आज डेस्मंडला गाठलं!!

तो माझ्या एक मिनिट आधी सुटतो. एनिड रस्त्याकडेला घडीच्या खुर्चीवर, गळ्यात दोन घड्याळं, आणि सुटण्याआधी दर मंगळवारचं तेच भाषण: "एकेक मिनिटाने सोडते ती मला हौस आहे म्हणून नाही. ज्याचा वारा त्याने खायचा. पुढच्याला गाठलंत तर लांबून पुढे जा. कुणी कुणाच्या पाठीमागे लपलेलं कळलं, तर वेळ खोडून टाकीन." मग पाच, चार, तीन, दोन, एक.

सातव्या मैलाला डेस्मंडची लाल पाठ दिसली. वाढतच गेली! रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, लांबून काढली. तो ओरडला, "जा बाई, जा! माझी अब्रू घेऊन जा!" २७:०५. साध्या हँडलच्या वेळेपर्यंत आले, आणि अजून तर नीट जमतसुद्धा नाही!

रात्रीच्या जेवणाला एनिड आल्या होत्या. ह्यूने त्यांच्या घराण्यातली कथा पुन्हा लावली, की एकोणऐंशीत बाबा एक मिनिट आधी सुटले होते, आईने त्यांना गाठलं आणि पुढच्या वसंतात लग्न केलं. "बाबा नेहमी म्हणायचे, मी पळू शकलो नाही म्हणून सापडलो!" जेरल्डना जाऊन सहा वर्षं झाली. एरवी एनिड ह्या गोष्टीला हसतात. आज उठून किटली लावायला गेल्या.

१ ऑगस्ट, मंगळवार

२६:५८. सत्तावीसच्या आत! शाळेला सुट्टी लागलीय, मी रोज सकाळी पाटाच्या रस्त्याला जाते. आता दांड्यावर झोपलं की सगळं शांत होतं. कानातला तो घोंघाट कमी होतो. साध्या हँडलवर छातीवर कुणी हात ठेवून मागे ढकलत असल्यासारखं वाटायचं, तो हातच गेला! गिअर बदलायला मात्र उठावं लागतं, कळ अजून जुन्या हँडलवरच आहे. म्हणून उगाच बदलत नाही.

८ ऑगस्ट

पाऊस. रद्द. घरात येरझाऱ्या.

१५ ऑगस्ट, मंगळवार

२६:४४!!!

तीन सेकंद! तीन! एक शिंक आली असती तर तेवढे जातात! एनिडनी दोन्ही घड्याळं बघितली, परत बघितली, वहीत लिहिलं. "चव्वेचाळीस," एवढंच. डेस्मंडने मला पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. हॉलमध्ये फलकासमोर उभी राहिले. माझं आडनावही स्क्रिमशॉच, रंगवणाऱ्याला निम्मंच काम.

जेवण गेलं नाही. मी, मला जेवण गेलं नाही!

२२ ऑगस्ट, मंगळवार

आडवा वारा. शेताकडून असे झोत येत होते की दांडे सोडून हँडल धरावं लागलं. २७:२०. रडले थोडी, गाडीत. आता एकच मंगळवार.

२८ ऑगस्ट

वारा नाही उद्या. हवामानवाला तीनदा ऐकला. तिन्ही वेळा नाही म्हणाला!

२९ ऑगस्ट, मंगळवार

झालं!!! झालं झालं झालं! २६:२९!

अक्षर बघ कसं आलंय. सगळं लिहिते. संध्याकाळी पावणेसातला सुटले. एनिडनी आकडे मोजले, आवाज रोजचाच. शेवटच्या आकड्याआधी मात्र हळूच म्हणाल्या, "डोकं खाली ठेव." माझ्यासाठी? स्वतःच्या रेकॉर्डच्या विरुद्ध? विचार करायला वेळ नव्हता. झोपले आणि सुटले. चौकात एकही गाडी नाही! डेस्मंडला सहाव्या मैलाला काढलं, त्याने आज नुसता हात वर केला. शेवटचा मैल पाय माझे नव्हतेच, छातीत भट्टी, तोंडात रक्ताची चव, आणि समोर एनिडची खुर्ची मोठी मोठी होत गेली.

बारा सेकंदांनी मोडलं! चव्वेचाळीस वर्षांनी! मला उचललं सगळ्यांनी, खरंच उचललं. ह्यू मासे सोडून आला होता, तो ओरडत होता. मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या देव जाणे. केकचे तीन तुकडे खाल्ले, उभ्या उभ्या, बाहेर गवतावर. मग ह्यूने सायकल गाडीत टाकली आणि सबंध रस्ता हॉर्न वाजवत घरी आणलं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला अंगणात कोलांटी मारावीशी वाटतेय!

३० ऑगस्ट

सही केली नाही.

सकाळी डेस्मंडचा फोन. "लॉर्ना, तू काल हॉलच्या आत आलीच नाहीस. 'परत आले'चा रकाना रिकामा आहे."

नंबर माझ्या पाठीवरच घरी आला. खुर्चीवर जर्सी पडलीय, टाचण्यांसकट. शर्यत संपली की सही करायची. कुणी खंदकात पडून राहिलं नाही ना, हे कळायला. सही नाही तर वेळ रद्द. नऊ वर्षं दर मंगळवारी केली, अंगभर खाज सुटलेली असताना केली, आणि काल केकसाठी बाहेर उभी राहिले! गाढव! गाढव!

डेस्मंड म्हणाला, "मी म्हटलं तुझी सही मीच ठोकतो, कोण बघतंय. एनिडने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं."

३१ ऑगस्ट

गेले एनिडकडे. जायला नको होतं. ओट्यापाशी उभ्या होत्या, वाटाणे सोलत.

"मी खंदकात नव्हते, हे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत! तुमच्या गळ्यात पडून रडले मी!"

"पाहिलं. नियम आहे."

"तुमचा रेकॉर्ड वाचवायचा नियम!"

त्यांचा हात थांबला. "मला तो रेकॉर्ड सोडवत नाही, असं वाटतं तुला?"

"हो! वाटतं! आणि आता कायमचा तुमचाच. जेवा फलकाबरोबर!" असं म्हणाले. सासूला. दार आपटलं, काच हलली.

ह्यू आईची बाजू घेत नाही, माझीही घेत नाही. गळ घासत बसलाय.

२ सप्टेंबर

दांडे काढले. परत खोक्यात घातले.

३ सप्टेंबर, रविवार

रस्त्याच्या निरोपाचा चहा होता हॉलमध्ये. जाणार नव्हते, डेस्मंडने ओढून नेलं. एनिड फलकाखाली खुर्चीवर चढलेल्या, हातात ब्रश. त्यांचं स्वतःचं नाव खोडलेलं, आणि खाली ओला पांढरा रंग: लॉर्ना स्क्रिमशॉ, २६ मिनिटं ४४ सेकंद.

मी म्हटलं, "चुकलंय. ही पंधरा ऑगस्टची वेळ. तुमच्याहून तीन सेकंद जास्त."

"तीच. मंगळवारची रद्द आहे." खाली उतरल्या, माझा हात धरून. बोटं रंगाने चिकट झालेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, पण माझ्याकडे बघून.

"एकोणऐंशीत मी गाठलं तेव्हा तो चिडला आणि परत पुढे गेला. मी लांबून जायला हवं होतं. नाही गेले. माझ्या हँडलला शिंगं नव्हती, पोरी. पण शेवटचे साडेतीन मैल माझ्यापुढे जेरल्डची पाठ होती."