तपासणीच्या दिवशीचा पाठ

आबा,

मघाशी फोनवर तुम्ही विचारलंत, "तपासणीच्या साहेबांसमोर पाठ कसा झाला गं?" मी म्हटलं, "एक नंबर!" झालाच तसा. प्रत्येक प्रश्नाला सगळ्या वर्गाचे हात वर. कारण गणितात अडणाऱ्या सानिकाला मी आधीच पोषण आहाराच्या खोलीत तांदूळ निवडायला धाडलं होतं.

साहेब गेल्यावर ती धावत आली. "बाई, झाला न्हवं चांगला? पुढच्या टायमालाबी मी भाईरच बसीन की!"

आबा, तुम्हाला वर्गाच्या दाराबाहेर बसवणाऱ्या त्या गुरुजींना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. आणि आज मी सानिकाला काय म्हणाले, ठाऊक आहे?

"शहाणी गं माझी."

हे तुम्हाला धाडायची हिंमत नाही.

संघप्रिया