धुराखालची वाई

वाई, कार्तिक वद्य द्वादशी, १९४४

प्रिय शरयूताई,

अक्षर बघून नाक मुरडशील, पण घाईत लिहिते आहे आणि शाईही लढाईमुळे पाण्यासारखी पातळ मिळते. आधी क्षमाचंच सांगते, कारण तू तेच शोधत असशील. तिचा दमा पुन्हा उपटला आहे. पावसाळाभर पोर अशी हुंदडत होती की मी तिच्या नावाने ओरडून थकत होते, आणि दिवाळी सरली तशी छाती वाजायला लागली. आता जिना चढून आली की दाराला धरून उभी राहते. सहा वर्षांच्या लेकराने असं उभं राहावं, हे बघवत नाही गं.

तू आलीस तेव्हा तुला वाई केवढी आवडली होती! चहूकडे डोंगर, मधून कृष्णा, गाव कसं ओंजळीत धरल्यासारखं, म्हणाली होतीस. मला आता त्या डोंगरांचा राग येतो. साखर रेशनवर गेल्यापासून नदीकाठच्या मळ्यामळ्यात गुऱ्हाळं लागली आहेत. सकाळी गच्चीवरून बघते, तर धूर सरळ वर निघतो, पांडवगडाच्या कमरेपर्यंतही पोचत नाही, तिथेच आडवा होतो आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा गावावर बसतो. उन्हाळ्यात हाच धूर वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातो. या दिवसांत वारा नाही, नदीची गार हवा खाली साचलेली, आणि डोंगराआडून ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळे धुरात. माणसं खोकतात आणि थंडीला नावं ठेवतात.

धूर कुणाचा म्हणशील, तर आमचाही आहे. अण्णांनी, म्हणजे मामंजींनी, नातीपायी आमचं गुऱ्हाळ बंद करून पाहिलं. गुळव्याला स्वतः जाऊन सांगून आले. पण शेजारच्या मळ्यांचं काय करणार? आमचं चुलवाण आठवडाभर थंड राहिलं, तोडलेला ऊस वाळला आणि क्षमाचा खोकला होता तसाच. शेवटी मीच अण्णांना म्हटलं, पेटवा. ते म्हणताना मला काय झालं असेल, तूच समज. माघात हळद शिजायला लागेल, तो धूर तर अजून यायचाच आहे.

गेल्या मंगळवारी मात्र कहर झाला. सासूबाईंनी थंडी बाधू नये म्हणून खोलीच्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या. भांडी घासायला येणारी अंबूबाई त्यांना म्हणाली, "आवं, दीष्ट लागलीया लेकराला. कुनाची तरी लय वाईट नजर हाय." झालं! मी घाटावर धुणं धुवायला गेले होते, तेवढ्यात दोघींनी शेगडी पेटवली, मीठ-मोहऱ्या-मिरच्या क्षमावरून उतरवल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. मी परत आले तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. सासूबाई पदराने धूर वारत होत्या. त्यांना काय बोलणार? मायेनेच केलं होतं त्यांनी. यांनी पाचगणीला निघालेली मोटार हात करून थांबवली आणि आम्ही तिला उचलून पसरणीच्या घाटात चढलो. अर्ध्या घाटात धूर खाली राहिला. एका वळणावर उतरून दगडावर बसलो, आणि हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. खाली बोट दाखवून म्हणते, "आई, आपलं घर कुठं गेलं?" खाली नुसता पांढुरका धूर होता. हे तोंड फिरवून उभे राहिले.

डॉक्टर म्हणतात, होळीपर्यंत तिला या खोऱ्यातून हलवा. पाचगणी जवळ, पण तिथे गारठा, धुकं, आणि रात्री उठून बघायला आपलं माणूस नाही. कोरडी, उघडी, वाऱ्याची जागा हवी, म्हणाले. ते बोलत होते आणि मला तुझं म्हसवड दिसत होतं. तुमच्याकडे पाण्याचे हाल असतात, मला माहीत आहे. तरीही दिसत होतं.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, ताई. माझे धाकटे दीर मधुभावजी ते तुझ्या हातात देतील आणि क्षमा त्यांच्या मागे उभी असेल. आधी विचारायला हवं होतं, पण तुझं उत्तर येईपर्यंत थांबायची हिंमत झाली नाही. तिला वाटतं, ती तुमच्या सिद्धनाथाच्या जत्रेतला रथ बघायला आली आहे. रथ झाला की परत यायचं म्हणून बाहुलीसुद्धा इथेच निजवून ठेवली आहे. ते खोटं मी सांगितलं आहे, तेव्हा तिला राग माझ्यावरच काढू दे. तू तिला मांडीवर घेऊन "ही मला देऊन टाक" म्हणायचीस, तेव्हा मी हसण्यावारी न्यायची. आज हसता येत नाही. होळी झाली की मी न्यायला येणार, हे तिला रोज सांग. माळावर ती न थांबता धावली, की लगेच कळव. रात्री माझ्यासाठी रडली, तर तेही कळव. रडायची थांबली, तर ते मात्र लिहू नकोस.

तुझीच,
चारू