एक नंबर मोठ्या चपला

गोंडपिपरी,
रविवार, दुपार

प्रिय रीता,

अक्षर ओळखलं असशीलच. अकरा वर्षांत ते काही सुधारलेलं नाही. तुझा फोन नंबर आहे माझ्याकडे, दीपिकाने दिला. पण फोन ठेवून देता येतो. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढा वेळ मला पुरे. तुला एक विचारायचं आहे. ते शेवटी विचारीन, कारण मी प्रस्तावनेशिवाय पाणीसुद्धा मागत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी माझा संताप ऐकून घे. तो ऐकणारं या शाळेत आता कोणी उरलेलं नाही. दीपिका, एटापल्लीची तुझी विद्यार्थिनी, दोन वर्षांपासून आमच्याकडे गणित शिकवते. तुझ्याच खुर्चीत बसते आणि तुझ्यासारखीच फळ्यावर ओळ तिरकी वर नेते. तिला आठवा महिना लागलाय, उद्यापासून प्रसूती रजा. तर तिला निरोपाला काय द्यायचं, हे ठरवायला आमच्या स्टाफला पंधरा दिवस लागले. दहावीच्या परीक्षेची आखणी याच मंडळींनी दोन दिवसांत उरकली होती.

समितीचे अध्यक्ष आमचे खेळाचे शिक्षक प्रवीण सर. तू गेल्यावर आले. उत्साही आहेत, दोष एवढाच. त्यांनी 'दीपिका मॅडम सरप्राइज' नावाचा ग्रुप काढला आणि पहिल्याच मिनिटाला त्यात दीपिकालाही घेतलं. मग तिला काढलं. मग काढलेलं बरं दिसत नाही म्हणून परत घेतलं. त्यानंतर ती बिचारी पंधरा दिवस आपल्या सरप्राइजची चर्चा मुकाट वाचत राहिली. कोणी म्हणे भिंतीवरचं घड्याळ, कोणी बाळाचा टब, कोणी चाकांची गाडी. शाल-श्रीफळ मी हाणून पाडलं, पोरगी सेवानिवृत्त होत नाहीये. हेडमास्तरांनी सरस्वतीची मूर्ती सुचवली, कारण त्यांच्या कपाटात एक जास्तीची आहे. तिला काय हवं, हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, हे आत्ताच कबूल करते.

आणि मग गेल्या सोमवारी प्रवीण सर धावत स्टाफरूममध्ये आले. खेळाच्या खोलीत त्यांना व्हॉलीबॉलच्या ढिगाखाली पाळणा सापडला होता. "मॅडम, अस्सल सागवान हाय! कोनं वापरलाच नाई! पालिश मारलं का झालं काम!" सगळ्यांना आनंद. गुलाबी रंग द्यायचा की आकाशी, यावर लगेच दोन तट पडले. कोणता पाळणा, ते तुला सांगायला नको.

मी नाही म्हटलं. का, ते मला सांगता येईना. जुन्या लोकांपैकी आता मी आणि खिचडी शिजवणारी ठमाबाई एवढ्याच उरलोय, आणि ठमाबाई भांड्यांकडे बघत राहिली. माझं कोरडं 'नाही' ऐकून पहिल्या दिवशी मी चिकट ठरले, दुसऱ्या दिवशी मत्सरी. तिसऱ्या दिवशी प्रवीण सर पॉलिशचा डबाच घेऊन आले. "मॅडम, ठमाबाई म्हनते तुम्हीच म्हनलं होतं का शास्त्रात मनाई नाई म्हनून. मंग आता काऊन आडव्या येऊन राह्यल्या?" मी म्हटलं, शास्त्राची सुधारित आवृत्ती निघाली आहे. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. त्याचा मला जास्तच राग आला.

या शाळेत संस्कृतची बाई म्हणजे चालतं-बोलतं धर्मपीठ, हे तुला आठवत असेल. मुहूर्त, नावाचं अक्षर, सुतक किती दिवसांचं, सगळं मला विचारणार. मी एम.ए.ला काव्य शिकले गं. सुतकातलं मला भिंतीवरच्या कॅलेंडराइतकंच कळतं. पण विचारलं की उत्तर द्यायची खोड. अकरा वर्षांपूर्वी हीच स्टाफरूम होती आणि निरोप तुझा होता. पाळणा ही कल्पना माझी, सुतार मी शोधला, लाकूड मी निवडलं. ठमाबाई हातात डाव घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, लेकरू याच्या आंधी पाळना नोका देऊ घरी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत म्हणाले, असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही. वर एक श्लोकही ठोकला. तो पावसाचा होता. पण कोणाला कळणार होतं? तू खुर्चीतून म्हणालीस, "चंचल, सध्या राहू दे ना." मला ऐकू आलं होतं, रीता. मी सगळ्यांना सांगितलं, लाजतेय ती.

पाळण्यामुळे काही झालं, असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. पण तुम्ही दवाखान्यातून दोघंच परत आलात तेव्हा समोरच्या खोलीत तो उभा होता, आणि तो तिथं माझ्यामुळे होता. आठ दिवसांनी भाऊजींनी तो चादरीत गुंडाळून ऑटोतून शाळेत आणला. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर आले नाही. वह्या तपासत होते म्हणायला. एकच वही, तीनदा. तुझं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. तू रुजू झाल्यावर आपण एकत्र डबा खाल्ला, मी तुला आंब्याचं लोणचं वाढलं आणि नव्या पेपर पॅटर्नवर बोलत राहिले. जूनमध्ये तू संस्थेच्या एटापल्लीच्या शाळेत बदली मागून घेतलीस. तिकडची हवा तिला मानवेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

असो. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी चेंडू जमिनीवर ओतले, पाळणा ऑटोत घातला आणि सरळ घरी आणला. शेजारणीने डोळे बारीक करून विचारलं, घरी कोणी लहान येणार का? या वयात माझ्याबद्दल एवढी आशा ठेवणारं कोणीतरी आहे, हे कळून जरा बरंच वाटलं. ग्रुपवर मात्र चोर सापडला म्हणून हाहाकार. शेवटी दीपिकाच माझ्यापाशी आली. "मॅडम, माह्यासाठी भांडू नका. आमच्या घरी लेकरू हाती येईपर्यंत त्याच्या नावानं काईच आनत नाई. द्याचंच असन त मले द्या ना. चपला द्या." मी खाली पाहिलं. साडीखाली तिच्या पायांत नवऱ्याच्या न्हाणीघरातल्या स्लिपर होत्या, त्याही काठोकाठ भरलेल्या. मार्चातच इथं कूलर लागलेत. पाय सुजून भाकरीसारखे झाले होते. तीन महिने आम्ही पंधरा जण तिच्या पोटाकडे बघत होतो. पाय कोणीच बघितले नाहीत.

निरोपाला चपला म्हटल्यावर पुन्हा रणकंदन. हेडमास्तर म्हणाले, फोटोत कसं दिसेल? मी सांगितलं, पादत्राणदानाला शास्त्रात मोठं पुण्य आहे. या वेळी योगायोगाने ते खरंही आहे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला बाजारात घेऊन गेले. दुकानदाराने सहा नंबर काढला. बसला. मी म्हटलं सात दे, अजून महिना जायचाय. तिला वाकता येईना, म्हणून मीच खाली बसून चपला चढवल्या. नंतर मला उठवायला दुकानदार आणि त्याचं स्टूल दोघंही लागले. दीपिका हसता हसता म्हणाली, "रीता मॅडम सांगत तश्याच हाव तुम्ही. आम्ही वर्गात कंटाळलो का त्या तुमच्या गोष्टी सांगत." मी बसकण मारली. कसल्या गोष्टी? तर म्हणे, "एक बाई पावसाचा श्लोक म्हनून लोकायले शास्त्र सांगे. कायचं शास्त्र, ते नाई सांगितलं कधी. पन लय हासत."

काल कार्यक्रम झाला. दीपिकाने खोका उघडला, चपला तिथंच घातल्या आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आली. सगळ्यात मोठ्याने टाळ्या प्रवीण सरांनी वाजवल्या. ठमाबाई माझ्याशेजारी उभी होती. तिने फक्त माझ्या दंडावर हात ठेवला, तो ओला होता. मी घरी आले आणि कागद घेऊन बसले. चार कागद फाडले, हा पाचवा.

तो श्लोक मी तुला त्याच्या आदल्याच महिन्यात चंद्रपूरच्या एसटीत ऐकवला होता, अर्थासकट. हे मी विसरले. तू विसरली नव्हतीस. म्हणजे त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी थापा मारतेय, हे जाणणारी तू एकटी होतीस. नको असलेला पाळणा तू घरी नेऊ दिलास, कारण नाही म्हटलं असतंस तर पंधरा माणसांत माझी फजिती झाली असती. आणि वर तिकडे पोरांना हसत हसत माझीच गोष्ट सांगत राहिलीस. मला हे सोसवत नाही. तू रागावली असतीस तर मी इतक्या उशिरा तरी बचावाचं काहीतरी बोलले असते. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने आलापल्लीला आणि तिथून एटापल्लीला येते आहे. येऊ नको म्हणायचं असेल तर आधी कळव. पाळणा माझ्या समोरच्या खोलीत आहे. ठेवायचा, मोडायचा की कोणाला द्यायचा, हे तू सांगशील ते. दीपिकाला तर एका वाक्यात विचारता आलं. तुला मी अकरा वर्षांत विचारलं नाही, ते आता विचारते. मुलगी होती की मुलगा? आणि तू मनात नाव काय ठेवलं होतंस?

तुझीच,
चंचल